टाचणवही, इयत्ता तिसरी

सोमवार. हातच्याची वजाबाकी.
बावन्नातून अठ्ठावीस.
दोनातून आठ जात नाहीत,
तर शेजारी जायचं, एक दशक मागायचा,
घरी आणून मोडायचा.
“मग परत कधी द्यायचा?” साईराज हुंदरे विचारतो.
परवाच त्याच्या घरून कुणी वाटीभर साखर नेलीय.
पुस्तकात याचं उत्तर नाही.
मी म्हटलं, पुढं बघू.

मंगळवारी कन्नड.
अकरा पोरं, फळ्याला मधोमध भेग.
डावीकडं मराठी लिहिते, उजवीकडं कन्नड,
भेगेत भुकटी साठते ती कुठल्या बाजूची
ते शनिवारी पुसतानाही कळत नाही.

“मळे म्हणजे पाऊस.”
अकरा तोंडं हसली.
मळे तर आमचे, रताळ्यांचे,
ते काय वरून पडतात?
“हत्ती म्हणजे कापूस.”
आता बाकंच हलली.
तनुजानं वहीच्या कोपऱ्यात कापसाच्या बोंडाला सोंड काढली.
मी खोडायला लावली नाही.

“बा म्हणजे ये.”
“म्हणजे बाऽ म्हणून हाक मारली
की बा येणारच की, बाई!”
हे म्हणाली आरोही,
जिचे वडील गोव्यात गवंडीकामावर,
गणपतीला चार दिवस येतात.

मने म्हणजे घर.
एवढं फळ्यावर लिहिलं,
आणि थोडा वेळ
पोरांकडं पाठ करूनच उभी राहिले.

बुधवारी भात, सांबार, अंडं.
अंडं नको त्याला केळं.
वाढता वाढता यल्लव्वा विचारते, “बाळे हण्णु बेका?”
“ळ!” साईराज ताटावरून उठलाच.
“त्यांच्यात पण ळ हाय, बाई!”
यात्रेच्या गर्दीत
आपल्या वर्गातलं कुणी दिसावं, तसा.

गुरुवार. परिसर अभ्यास. आपले गाव.
गावात काय काय आहे, सांगा.
दूध डेअरी. देऊळ. सोसायटी.
पाण्याची टाकी, तिच्यावरचं मधमाश्यांचं पोळं.
शेवटच्या बाकावर मल्लेश.
आईबाप बागलकोटकडून वीटभट्टीवर आलेले,
जूनपासून हजेरीला “हजर” सोडून
त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही.
तो उभा राहिला. विजारीची नाडी चाचपली.
“बेक्किन केरे,” म्हणाला.
“बेक्कु... मांजर. केरे... तळं.”
मग सगळं जोडून, मराठीत,
“मांजराचं तळं.”

वर्ग गप्प.
बेकिनकेरे.
रेशनकार्डावर, बसच्या पाटीवर,
लग्नपत्रिकेत, सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर,
जन्मापासून लिहीत आलेलं नाव,
आणि त्यात एक मांजर बसलेलं,
तळ्याकाठी, पाय पोटाशी घेऊन.
अकरा वर्षं मी इथं कन्नड शिकवते.
मलाही दिसलं नव्हतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर
पटावर अकरा, वर्गात तीन.
गेले शोधत.
तळ्याच्या काठावर रांगेनं चपला,
चिखलात पोटऱ्यांपर्यंत तिसरीची इयत्ता.
“काय चाललंय हे?”
“हुडकूलालोय, बाई.”
“काय?”
“मांजर.”

रागावायला तोंड उघडलं
आणि तो शब्द तिथंच अडकला. हुडक.
हुडुकु.
उद्याच्या धड्यात आहे तो, उजव्या बाजूचा.
आमच्या आज्यांनी कधी शेजारून मागून आणला,
चुलीमागं हरवलेली पळी हुडकायला,
जत्रेत सुटलेलं पोर हुडकायला,
आणि परत द्यायचा राहिलाच.

साईराजला हे सांगावं म्हटलं,
तोवर लव्हाळ्यात काहीतरी हललं.
“अल्ली! अल्ली!” मल्लेश ओरडला, जोरात, वर्षभराचं.
सगळी तिकडं पळाली.
अर्थ कुणीच विचारला नाही.

मीही गेले,
चपला हातात घेऊन.